पुसलेला डबा

खाली राहणाऱ्या काकांकडून आलेला डबा धुवायचा नाही, असा नियम होता. आपल्याकडे दुसऱ्याचं भांडं घासून, वर त्यात दोन लाडू नाहीतर निदान चिमूटभर साखर घालून परत करायची पद्धत. पहिल्यांदा मीही तेच केलं. डबा धुतला, आत चार नारळाच्या वड्या ठेवल्या आणि खाली नेऊन दिला. त्यांनी वड्या काढून ताटलीत ठेवल्या, डबा खिडकीच्या उजेडाकडे तिरका धरून आत बघितलं आणि म्हणाले, "हे काय केलंस रे? सगळं धुऊन टाकलंस. आता मला कळायचं कसं?"

करोनातून ते उठले, पण वास गेला तो परत आला नाही. वासाबरोबर चवही बरीचशी गेली. मीठ आहे एवढं जिभेला समजायचं, किती आहे ते समजायचं नाही. पस्तीस वर्षं मालवाहू जहाजांवर स्वयंपाक केलेला माणूस. आता घड्याळ बघून आणि रंग बघून रांधायचे, आणि जेवण कसं झालं ते दुसऱ्याच्या उष्ट्या डब्यातून वाचायचे. कडेला काय चिकटलंय, तळाशी काय उरलंय, कुठला तुकडा बाजूला सारलाय.

"तुझा डबा म्हणजे माझी जीभ समज," असं ते मला म्हणाले होते. मी "हो काका" म्हणालो होतो.

ठाण्यात, वर्तकनगरच्या आमच्या इमारतीत ते दुसऱ्या मजल्यावर राहायचे, मी तिसऱ्या. मूळचे कोकणातले. सत्तरी ओलांडलेली, अंगाने काटक, आणि स्वयंपाकघरात शिरताना मनगटापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट, खाली मात्र चौकड्याची लुंगी. कुणालाही नावाने हाक मारत नसत. माणसं मजल्यांवरून ओळखायचे. मी "वरचा", तळमजल्यावरच्या बाई "खालच्या", सोसायटीचे सेक्रेटरी "चौथा". जेवायचे ओट्याशी उभे राहून. घरातल्या प्रत्येक फळीला बोटभर उंचीची लाकडी पट्टी ठोकलेली होती, जहाज हललं तरी बरण्या घरंगळू नयेत म्हणून.

"काका, वर्तकनगरला वादळ कधी लागणार?" मी एकदा विचारलं.

"लागत नाही तोवर बरं आहे की," ते म्हणाले.

ओट्याच्या वर शाळेत असतो तसा जगाचा नकाशा लावलेला होता, तेलाच्या शिंतोड्यांनी पिवळा पडलेला. त्यात भूमध्य समुद्राभोवती त्यांनी लाल पेन्सिलीने कडं काढलं होतं. तिथल्या एका बंदरात त्यांचं जहाज काहीतरी कागदपत्रांवरून महिनाभर अडकलं होतं. त्या महिन्यात ते एका म्हातारीकडे जेवायला जायचे. चणे, वांगी, पालेभाज्या, लिंबू, दही, आणि वरून ओतलेलं कच्चं तेल. मटण-मासळी सणासुदीला. त्या गल्लीला दीडशे पायऱ्या होत्या आणि ऐंशी वर्षांची माणसं त्या शीळ घालत चढायची, असं ते सांगत. पायऱ्यांचा आकडा दर वेळी वाढायचा. शीळ मात्र कायम असायची.

ही गोष्ट ते बरीच वर्षं विसरले होते. निवृत्त होऊन घरी आले, दोन वेळा बांगडा-सुरमई सुरू झाली, आणि त्यांच्या बायकोला हृदयाचा त्रास निघाला. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही सोडलंत तर मी सोडेन. कोकणातल्या माणसाने त्या दिवसापासून मासळीला हात लावला नाही.

"आपल्या समुद्राचं सोसलं नाही," ते म्हणायचे, "म्हणून म्हटलं दुसऱ्या समुद्राचं बघू."

दीड वर्ष त्यांनी तिला त्या म्हातारीचं जेवण करून घातलं. ती पोळीच्या शेवटच्या तुकड्याने ताट पुसून खायची. मग एका दुपारी कोथिंबीर निवडता निवडता गेली. जुडी अर्धी निवडलेली होती. ती उरलेली निवडून त्यांनी पाण्यात घालून ठेवली, हेही त्यांनीच मला सांगितलं, कांदा चिरता चिरता, भाजीचा दर सांगावा तसं.

"जेवणाची चूक नव्हती. उशीर झाला होता. दहा वर्षं आधी सुरू करायला हवं होतं."

माझी बायको बँकेत आहे. तिची नाशिकला बदली झाली आणि मुलीला घेऊन ती तिकडे गेली. त्याच सुमारास माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला होता आणि तो चांगला नव्हता. जाण्यापूर्वी ती रिपोर्ट घेऊन खाली गेली. मी मागे उभा होतो, शाळेत आणलेल्या मुलासारखा.

"काका, हे आता एकटे राहणार. जरा लक्ष ठेवा यांच्यावर."

त्यांनी ट्यूबलाइटखाली जाऊन रिपोर्ट वाचला. वाचून घडी केली.

"वय काय याचं?"

"अठ्ठेचाळीस."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला कानकोंडं झालं. "मग हा वेळेत आलाय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी साडेसातला माझ्या दाराच्या कडीला डबा अडकवलेला असायचा.

त्यांचा स्वयंपाक वीस मिनिटांचा. एक मिनिट कमी नाही, जास्त नाही. जहाजावरून आणलेला चावीचा टायमर होता, वर तडा गेलेली काच. तो फिरवायचे आणि कामाला लागायचे. बेल वाजली की गॅस बंद. वांगं कच्चं असलं तरी बंद. "एकविसाव्या मिनिटाला माणूस वडापाव आणायला जातो," असं त्यांचं म्हणणं. रविवारी सकाळी ते मला खाली बोलावून ओट्याशी उभं करायचे आणि हातात सुरी द्यायचे. मला तेव्हा ते नको असायचं. आज वाटतं, तेवढे रविवार तरी मी गेलो.

"काका, चणे वीस मिनिटांत शिजतात होय?"

"चणे रविवारी शिजतात. रविवार वेळेत धरायचा नाही."

रविवारी काबुली चणे, राजमा, अख्खा मसूर कुकरला लागायचे आणि गार झाले की छोट्या पिशव्यांतून फ्रीजरमध्ये जायचे. तीळ मंद आचेवर भाजून, तेल घालत मिक्सरमधून लोण्यासारखे मऊ करून बरणीत. दही पंच्यात बांधून नळाला टांगलेलं. मग आठवडाभर काय, कांदा-लसूण परतायचा, टोमॅटो मऊ होऊ द्यायचा, त्यात चणे आणि मूठमूठ पालक, गॅस बंद केल्यावर लिंबू आणि वरून दोन चमचे ऑलिव्हचं तेल. किंवा गव्हाचा दलिया भिजवून त्यात दोन जुड्या कोथिंबीर आणि एक जुडी पुदिना.

"एवढी कोथिंबीर?"

"आपण कोथिंबीर वरून भुरभुरतो. इथे कोथिंबीर हीच भाजी, दलिया वरून भुरभुरायचा."

भाजलेलं वांगं सोलून ते तिळाच्या लोण्यात, दह्यात आणि लसणीत कालवायचे. मी म्हटलं, भरीतच की हे. म्हणाले, "भरीतच. फक्त पासपोर्ट काढलेलं." फोडणी त्यांच्या घरातून हद्दपार होती. "फोडणी म्हणजे तेलाला दिलेली शिक्षा. तेलाने काय घोडं मारलंय तुझं?"

हे सगळं ऐकायला मजा यायची. खायला यायची नाही, हे मला लिहायला हवं. मला लहानपणापासून तिखटाची आणि तळणाची सवय. कच्ची लसूण, लिंबू, गार दलिया, हे माझ्या घशाखाली उतरेना. पहिला धुतलेला डबा सोडला तर पुढचे चारही डबे मी अर्धे परत केले, प्रामाणिकपणे, न धुता. दर वेळी दहा मिनिटांत दारावर टकटक.

"काय कमी पडलं?"

"काही नाही काका, भूक नव्हती."

"भुकेचं सांगू नको. दलिया खाल्लायस, वांगं ठेवलंयस. वांगं कच्चं होतं? मीठ? लसूण जास्त झाली? नीट सांग, मला कळत नाही म्हणून विचारतोय."

हातात वही नसायची, पण प्रश्न एखाद्या तपासनिसाचे. मी ऑफिसातून थकून आलेला असायचो. मॅच लावलेली असायची. उत्तरं द्यायचा कंटाळा यायचा. एवढीच गोष्ट आहे. पुढे जे झालं त्याच्या मुळाशी काही मोठं कारण नाही, कंटाळा आहे.

पाचव्यांदा मी डबा ओल्या कचऱ्याच्या बादलीत उपडा केला. मग पोळीचा तुकडा कडेने, तळाने फिरवला, पुसून खाल्ल्यासारखं. तो तुकडाही बादलीत टाकला. डबा खाली दिला. त्यांनी उजेडाकडे धरला, बराच वेळ बघितलं. मला वाटलं, कळलं.

"पोळीने पुसलंस," ते म्हणाले. "आमची ही असंच पुसायची."

आणि आत जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने एक पूर्ण गोल काढला. तेव्हा मला कळलं की ते रोजची नोंद ठेवतात. अर्धा डबा परत आला की अर्धा गोल, पुसलेला आला की पूर्ण. आधीचे चार अर्धे गोल तिथे होते.

त्यानंतर पावणेदोन वर्षं त्या कॅलेंडरवर रोज पौर्णिमा होती.

अगदीच काही खात नव्हतो असं नाही. चण्याचा प्रकार कधीमधी दोन-चार घास खायचो. पण बहुतेक दिवस मी बाहेरून पोट भरून आलेला असायचो. ऑफिस सुटल्यावर आम्ही तिघे-चौघे गाडीवर उभे राहायचो. कांदाभजी, पाव, कधी अंडाभुर्जी, वर गोड चहा. घरी आल्यावर कडीचा डबा काढायचा, बादलीत उपडा करायचा, पुसायचा, खाली द्यायचा. सवय झाली की लबाडीसुद्धा दात घासण्यासारखी होते. दर तीन महिन्यांनी ते रक्ताच्या तपासणीबद्दल विचारायचे. मी तपासणीला गेलोच नव्हतो. "उतरलाय काका आकडा," मी सांगायचो. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी टायमर हातात घेऊन उगाच एकदा बेल वाजवली.

नवरात्रात एकदा टेंभी नाक्याला मी भज्यांची पुडी हातात घेऊन उभा होतो आणि गर्दीतून ते समोर आले. हातात पुदिन्याच्या जुड्या. मी पुडी पाठीमागे लपवली. तोंडात घास होता तो न चावता गिळला.

"दर्शनाला आलास?"

"हो काका."

माझ्या तोंडाला, शर्टाला, हाताला भज्यांचा वास येत असणार. दुसऱ्या कुणीही ओळखलं असतं. ते माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते आणि त्यांना काही कळलं नाही. त्यांनी पिशवीतून प्रसादाची खडीसाखर काढून माझ्या तळहातावर ठेवली. डावा हात पुढे केला होता मी, उजवा मागे होता. प्रसाद डाव्या हातावर घेतला म्हणून त्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं, पण बोलले नाहीत.

"डबा अडकवून आलोय," जाता जाता म्हणाले. "आज वांगं आहे. वेळेत जा."

आणखी एक सांगायचं राहिलं. दुधाचं पनीर करून ते मिठाच्या पाण्यात चार दिवस बुडवून ठेवायचे, तिकडच्या खारट चीजसारखं व्हावं म्हणून. एकदा ते मी सहज तोंडात टाकलं आणि थुंकावं लागलं, इतकं खारट. खरं तर तेव्हा खाली जाऊन सांगायचं, काका, मीठ फार झालंय. दोन मिनिटांचं काम. पण सांगितलं असतं तर आजवरच्या पुसलेल्या डब्यांचं काय, हा प्रश्न आला असता. मी ते बादलीत टाकलं आणि डबा पुसून दिला. त्यांनी पूर्ण गोल काढला आणि पुढेही मीठ तेवढंच ठेवलं. तेच पनीर ते स्वतःही खात होते. त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. पुढे त्यांचे पाय सुजायला लागले, त्याला हे कारण असेल किंवा नसेल. मी कुणाला विचारलेलं नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी ऑफिसात माझ्या छातीत कळ आली आणि घामाने शर्ट भिजला. सहकाऱ्यांनी हॉस्पिटलात नेलं. दोन स्टेंट टाकावे लागले.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेत ते आले. पांढरा शर्ट, मनगटापर्यंत बटणं, आणि हातात डबा. डॉक्टर राउंडला आले होते. त्यांनी डॉक्टरांना थांबवलं.

"साहेब, हा माणूस पावणेदोन वर्षं रोज माझ्याकडचं खातोय. मांस नाही, मासळी नाही, तळण नाही. चणे, भाज्या, कच्चं तेल, दही. रोज. माझ्याकडे लिहिलेलं आहे. तरी असं कसं झालं?"

डॉक्टर तरुण होते, घाईत होते, आणि वाईट नव्हते. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "काही जणांच्या रक्तातच असतं हो आजोबा. त्यांना खाण्याने फार फरक पडत नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

काका पलंगाच्या पायाशी उभे होते. मी त्यांच्याकडे बघत होतो. माझी बायको पहाटेच नाशिकहून आली होती, ती डोळे पुसत म्हणाली, "काकांनी एवढं केलं, तरी नशीब बघा."

त्या क्षणी एक वाक्य पुरलं असतं. माझ्या तोंडावर मास्क नव्हता, नळी नव्हती. मला बोलता येत होतं. थोड्या वेळापूर्वीच मी नर्सकडे पाणी मागितलं होतं.

"आमच्या हिच्या वेळेला उशीर झाला म्हणालो होतो मी," ते म्हणाले. कुणाला उद्देशून ते कळलं नाही. मग डब्याकडे बघून म्हणाले, "हा घरी नेतो."

त्यानंतर माझ्या कडीला डबा आला नाही. मी घरी आल्यावर दोन-तीन दिवस वाट पाहिली, आणि येत नाही म्हणून मला बरं वाटलं, हेही खरं. घरी असलो की संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी खालून टायमरची बेल ऐकू यायची, ती बंद झाली. तळमजल्यावरच्या बाई म्हणाल्या, काका हल्ली पाव आणि चहावर असतात. जिन्यात भेटले तर "बरा आहेस?" एवढंच. माझ्या तब्येतीबद्दल त्यांना राग नव्हता. ते माझ्याकडे अपराध्यासारखे बघायचे. माझ्याकडे, ते. पावसाळ्यानंतर त्यांची मुलगी त्यांना ठाकुर्लीला स्वतःकडे घेऊन गेली.

मी एकदा तिकडे गेलो. सफरचंदं घेऊन गेलो. मुलगी पंचेचाळिशीची, शाळेत शिक्षिका, बोलायला मोकळी. ते खिडकीपाशी बसून शेव खात होते. शेव खाणारा तो माणूस मला ओळखू येईना. चहा ठेवता ठेवता ती म्हणाली, "दादा, तुम्ही तरी सांगा यांना. माझा पण रिपोर्ट वाईट आलाय. म्हटलं बाबा, आईला करून घालायचात ते मला शिकवा. शिकवतच नाहीत."

"नको बाय," ते शांतपणे म्हणाले. "दोघांना घातलं. एक गेली, एक मरता मरता राहिला. माझ्या हाताला यश नाही. तू डॉक्टर सांगतील ते कर."

"बघा," ती म्हणाली. "असंच करतात."

ते माझ्याकडे बघून हसले, मी त्यांची बाजू घेईन अशा भरवशाने. मी चहा संपवला. कप बशीत ठेवला. पावसाबद्दल, पाण्याच्या टँकरबद्दल काहीतरी बोललो आणि निघालो. ते दारापर्यंत आले. "वरच्या, जप," म्हणाले. तिथे मी वर राहत नव्हतो, ते खाली राहत नव्हते. तरी तीच हाक.

चार महिन्यांनी ते गेले. झोपेत गेले, असं मुलगी फोनवर म्हणाली.

दिवस झाल्यावर तिने मला बोलावून घेतलं. "बाबांच्या सामानात तुमच्या वस्तू आहेत." टेबलावर तो डबा, टायमर आणि त्या वर्षांची गुंडाळलेली कॅलेंडरं ठेवली होती. तिने एक उलगडलं. "हे सगळे गोल तुमचे आहेत ना? सांगायचे मला, वरचा कसा पुसून खातो ते. त्यांना फार आधार होता हो त्याचा, वास गेल्यावर."

मी तेव्हा सांगितलं. उभ्या उभ्याच सांगितलं, बादलीपासून हॉस्पिटलपर्यंत. मी थांबल्यावर तिने एका महिन्यावरून बोट फिरवलं.

"म्हणजे हे सगळे?"

"सुरुवातीचे चार अर्धे आहेत ना, तेवढे खरे."

"आणि मला म्हणायचे, माझ्या हाताला यश नाही." तिने कॅलेंडर गुंडाळलं. "तुम्ही आलेलात की तेव्हा. ह्याच खुर्चीवर बसलेलात. ते समोर होते. तेव्हा का नाही बोललात?"

"लाज वाटली."

"तुम्हाला लाज वाटली," ती म्हणाली. मी वस्तू घेऊन खाली उतरलो तेव्हा दार लावल्याचा आवाजही आला नाही. बहुतेक ती तशीच उभी असावी.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. स्टेंटनंतर तिने बदली परत ठाण्याला करून घेतली होती. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "तुला ते सगळं करता येतं का? त्यांनी शिकवलेलं?" मी म्हणालो, हात चालतात. त्या रविवारी मी चणे भिजवले. तीळ भाजले, पहिल्यांदा करपवले, दुसऱ्यांदा जमले. सोमवारी टायमर फिरवला आणि वीस मिनिटांत पालक-चणे केले, वरून कच्चं तेल. गार होईपर्यंत ओट्याशी उभा राहिलो आणि तिथेच उभ्याने खाल्ले. चांगले होते. इतके दिवस चांगलेच असतील.

महिन्याभराने काकांच्या मुलीचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही.

"दादा, चणे किती वेळ भिजवायचे?"

"आठ-दहा तास. मी रविवारी आणू का करून?"

"आणा," म्हणाली.

आता दर रविवारी मी ठाकुर्लीला जातो. पहिल्या दिवशी वांगं आणि दलिया नेला होता. मीठ घालताना माझा हात आखडतो, त्या पनीरनंतर. ती डबा घेऊन आत गेली. मी बाहेर त्याच खुर्चीवर बसलो. आतून चमच्याचा आवाज येत होता, मग थांबला, मग परत थोडा आला. मी तिच्या घराच्या भिंतीकडे बघत होतो, परीक्षेच्या निकालाची वाट बघावी तसा.

ती बाहेर आली आणि डबा माझ्यापुढे ठेवला. धुतला नव्हता. दलिया संपला होता. वांगं जवळजवळ सगळं तसंच होतं, चमच्याने एका बाजूला सारलेलं.

"वांगं कच्चं आहे," ती म्हणाली. "आणि मीठ नाहीच त्यात. कसं खायचं?"

"कच्चं राहिलं. बेल वाजली म्हणून बंद केला गॅस."

ती पहिल्यांदाच जरा हसली. "बाबांसारखं करू नका. थोडं जास्त ठेवा पुढच्या वेळी."

घरी येऊन मी तो डबा खिडकीशी नेला आणि उजेडाकडे तिरका धरला. कडेला तीळ लागले होते. तळाशी लिंबाची एक बी. वांग्यावर चमच्याची एकच खूण, एक घास घेऊन पाहिल्याची. हे सांगायला तिला दोन वाक्यं लागली होती.

मग पेन्सिल शोधली आणि आमच्या कॅलेंडरवर त्या रविवारच्या चौकटीत अर्धा गोल काढला.